पाळणाघराचे अनुदान आणि कार्डावरची ‘नव्व्याण्णव’ तारीख

मेलबर्नमध्ये नर्सिंगच्या पदविकेला २०२५ साली मला प्रवेश मिळाला, तेव्हा सव्वादोन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात ठेवण्यावाचून इलाज नव्हता. पाळणाघराच्या खर्चापोटी ऑस्ट्रेलियाचे सरकार अनुदान देते आणि त्यासाठी मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून सेंटरलिंक या अनुदान-भत्ते देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो. उत्पन्न, बँक खाते, कायम निवासाचा व्हिसा हा सगळा तपशील भरण्यास एक संध्याकाळ पुरली. (विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना, ऑस्ट्रेलिया सरकारनेच त्यांचा खर्च उचललेला नसेल तर, हे अनुदान मिळत नाही, व्हॉट्सॲपवरचे सल्लागार नेमके हेच सांगायला विसरतात.)

घोडे अडले ते लसीकरणावर. मुलाच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे झाल्याची नोंद इथल्या राष्ट्रीय लसीकरण नोंदवहीत असावी लागते, आणि परदेशात दिलेल्या लसी तिथे आपल्याला स्वतः चढवता येत नाहीत. ते काम डॉक्टर किंवा नर्ससारखे लस देण्याची मान्यता असलेलेच करू शकतात. पूर्ततेसाठी ६३ दिवसांची मुदत असल्याचे पत्र आले होते. माझ्याजवळ होते ते सातारा जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राचे माता-बाल संरक्षण कार्ड, सिस्टरबाईंनी निळ्या शाईने आणि देवनागरी आकड्यांत भरलेले. क्लिनिकमधील नर्सने पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या पहिल्या डोसावर बोट ठेवून विचारले, ‘‘नव्व्याण्णव तारीख कशी असेल?’’ आपला ११ तिला इंग्रजी नव्व्याण्णव दिसत होता! मी समजावून सांगितले आणि तिला ते पटलेही, परंतु तोंडी सांगण्यावरून नोंद करता येणार नाही, अधिकृत भाषांतर आणा, असे तिने सांगितले. तिचे म्हणणे चूक नव्हते. माझा राग याचा होता की, वेळ ठरवताना मी फोनवर मुद्दाम विचारले होते आणि ‘कार्ड पुरेसे आहे’ असे उत्तर मिळाले होते.

भाषांतर घेऊन दुसऱ्यांदा गेले, तेव्हा गालगुंडाचा प्रश्न निघाला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस देतात, तीत गालगुंडाची लस नसते. इथल्या वेळापत्रकात मात्र तिन्ही रोगांची एकत्रित लस आहे, शिवाय पहिल्या वाढदिवसाला मेनिंगोकॉकल या मेंदूज्वराच्या जंतूवरची लस. राहिलेल्या लसींचे पूरक वेळापत्रक डॉक्टरांनी नोंदवले की मूल पात्र धरले जाते. त्याच दिवशी मुलाला दोन सुया टोचल्या, आणि ‘‘आज संध्याकाळी नोंद करते’’ असे म्हणून नर्सने भाषांतराची प्रत एका ट्रेमध्ये ठेवली. अकरा दिवस ती तिथेच होती. मी रोज रात्री मूल झोपल्यावर नोंदवही उघडून तोच रिकामा तक्ता पाहत होते. फोन केला की नर्स रजेवर आहे, एवढेच कळे. बाराव्या दिवशी कॉलेजचा तास बुडवून मी काउंटरसमोर जाऊन उभी राहिले, ट्रेमधील कागद बोटाने दाखवला आणि नोंद पडद्यावर दिसेपर्यंत हलले नाही. एवढा हट्ट मी आयुष्यात प्रथमच केला, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

भाषांतराबद्दल सांगायचे राहिले: कायम निवासाचा व्हिसा मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत दहा कागदांपर्यंत भाषांतर सरकार मोफत करून देते. मला हे खासगी भाषांतरकाराचे पैसे चुकते केल्यानंतर कळले.

अनुदान किती तासांचे मिळणार हे तेव्हा आई-वडिलांच्या शिक्षणाच्या किंवा कामाच्या तासांवर ठरत असे, आणि अर्जात शिक्षणाचे तास लिहिताना मी केवळ वर्गातले तास लिहिले होते. घरचा अभ्यासही त्यात धरता येतो, म्हणून ते नंतर दुरुस्त केले. जानेवारी २०२६ पासून पात्र कुटुंबाला पंधरवड्याला किमान ७२ तासांचे अनुदान मिळते, त्यामुळे ही चिंता बरीच कमी झाली आहे. १०० तास हवे असतील तर मात्र आई-वडील दोघांचेही शिक्षणाचे किंवा कामाचे तास पंधरवड्याला ४८ च्या वर दाखवावे लागतात. अनुदानातील ५ टक्के रक्कम वर्षअखेरच्या हिशेबासाठी राखून ठेवतात, तेव्हा पाळणाघराचे बिल अपेक्षेपेक्षा थोडे जास्त आले तर घाबरू नये.

भारतातून निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन सर्व तारखा इंग्रजी आकड्यांत लिहून, शिक्का मारून घ्याव्यात. माझ्या धाकट्या बहिणीने मागच्या महिन्यात तेच केले. सिस्टरबाईंनी हसत हसत दहा मिनिटांत लिहून दिले.