दूध पिताना येणारा घाम

माझी लेक जन्मली तेव्हा दोन किलो आठशे ग्रॅमची होती. लगेच रडली, रंग छान गुलाबी, डॉक्टरांनी छाती तपासली तर काहीच वावगं नव्हतं. त्यामुळे पुढे "हृदयाला भोक आहे" असं कळलं तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की मग जन्मल्यावरच का नाही कळलं?

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. ती मार्चमधली. एप्रिल उजाडला तशी ती दूध पिताना घामाघूम व्हायला लागली. दोन मिनिटं ओढायची, सोडायची, धापा टाकायची, परत ओढायची. कपाळावर घामाचे थेंब, केस ओले, माझा हात ओला. सगळे म्हणाले, ऊन काय कमी आहे का! मलाही पटलं. एका दवाखान्यात कफ म्हणून औषध दिलं, तेही आठवडाभर पाजलं.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य सेविका, शेवटच्या भेटीला आल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात, हे मला बाळंत झाल्यावरच समजलं. बाळ झोपलेलं होतं. त्यांनी झबलं वर केलं आणि घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर पोट वरखाली होताना मोजलं. मग काही न बोलता परत मोजलं. अडुसष्ट. "ताई, साठच्या वर चांगलं नाही. आजच साताऱ्याला घेऊन जा." वजनही जेमतेम साडेतीन किलो भरलं. त्या बाईंनी दोनदा मोजलं नसतं तर आम्ही अजून किती दिवस उन्हाला दोष देत बसलो असतो, कोण जाणे.

साताऱ्यात बालरोगतज्ज्ञांनी स्टेथोस्कोप लावल्या लावल्या सांगितलं, हृदयात जास्तीचा आवाज येतोय, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. तो करून पुण्याला लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी परत एको केला. झोपेचं औषध पाजून लेकीला निजवलं होतं. पडद्यावर लाल-निळे रंग हलत होते आणि मधल्या भिंतीतून सगळे रंग मिसळलेला एक झोत सारखा उसळत होता. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. "हे बघा. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक आहे. सात मिलिमीटर." याला व्हीएसडी म्हणतात, आणि लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषांत हाच सगळ्यात जास्त आढळतो.

मग त्यांनी कागदावर चार चौकोन काढून समजावलं. डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पाठवतो, म्हणून त्याचा दाब जास्त. भिंतीला भोक असलं की शुद्ध रक्तच डावीकडून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसात गरजेपेक्षा जास्त रक्त, म्हणून धाप. हृदयाला तेच काम दुप्पट, म्हणून घाम. खाल्लेलं सगळं त्या धापेतच खर्च होतं, म्हणून वजन वाढत नाही. आणि जन्मल्यावर का कळलं नाही? तर नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असतो, म्हणून भोकातून फारसं रक्त जात नाही आणि आवाजही येत नाही. काही आठवड्यांनी वाहिन्या सैलावतात, मग त्रास सुरू होतो.

घरी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, तू ग्रहण पाळलं नाहीस ना." त्या रात्री मी खूप रडले. पुढच्या खेपेला ह्यांनी मुद्दाम आईंना सोबत नेलं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आजी, ही भिंत दुसऱ्या महिन्याच्या आसपासच तयार होते. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. हिचं काही चुकलेलं नाही." परतताना खंबाटकी ओलांडेपर्यंत आई माझा हात धरून बसल्या होत्या. त्यानंतर घरात ग्रहणाचं नाव निघालं नाही.

सल्ले मात्र थांबले नाहीत. "अमक्याच्या पोराचं आपोआप बुजलं, थांबा की!" बुजलं असेलही. छोटी भोकं, विशेषतः भिंतीच्या मांसल भागातली, पुष्कळदा आपली आपण बुजतात. गंमत म्हणजे त्यांचाच आवाज मोठा येतो. आमच्या लेकीचं भोक जवळजवळ महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून अंगाला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या, तोंडाएवढं होतं. ते तसंच ठेवलं तर फुप्फुसातल्या वाहिन्या जाड आणि कडक होत जातात, आणि एका टप्प्यानंतर ऑपरेशनही करता येत नाही. शब्द एकच, "भोक", पण दोन बाळांची गोष्ट एक नसते. दुसऱ्याच्या बाळावरून आपल्या बाळाचं ठरवू नका, हे मी हात जोडून सांगते.

पुढचे चार महिने वजनाच्या काट्यावर गेले. लघवी वाढवून फुप्फुसातलं पाणी कमी करणारं औषध सिरिंजने मोजून द्यायचं. दूध काढून वाटी-चमच्याने, थोडं थोडं, दर दोन तासांनी. दर सोमवारी अंगणवाडीत वजन. शंभर ग्रॅम वाढले की मी ह्यांना शेतात फोन करायची.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपयोगी पडली. आमचं केशरी रेशनकार्ड, पण त्यावर बाळाचं नाव नव्हतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी जन्मदाखला आणि आम्हा दोघांसोबतचा बाळाचा फोटो मागितला. मंजुरी आल्यावर तारीख मिळाली.

गौरी-गणपती झाल्यावर ऑपरेशन झालं. हृदय थांबवून, यंत्रावर रक्ताभिसरण चालू ठेवून, भोकावर पॅच शिवला. ते तास मला सांगता येत नाहीत. नवव्या दिवशी घरी सोडताना सिस्टरनी बजावलं, सहा आठवडे काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड जुळतंय. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. सासूबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक बाईला ते करून दाखवलं, तेव्हाच बाळ हातात दिलं.

घरी पहिल्याच रात्री ती न थांबता प्यायली. मी सवयीने पदर कपाळाला लावला, तो कोरडाच राहिला.

आता दात येताहेत. मॅडमनी सांगितलंय, दातांची स्वच्छता सांभाळा, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, आणि दातांच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा. पुढचा एको दिवाळीनंतर आहे. फाइल दारामागच्या पिशवीत तयार ठेवली आहे.