चिमटा कुठून आणलात?

खडकवासल्याला धरणाच्या भिंतीपाशी चहाला थांबलो की कुणीतरी सायकलभोवती एक फेरी मारतं. हिरवी फ्रेम, तिच्यावर जुनी अक्षरं आणि पुढे चकाकणारा क्रोमचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणारा फोर्क. मग प्रश्न येतोच, "याला नवा चिमटा कुठून आणलात? आमच्याकडेही अशीच एक पडून आहे." चहा संपेपर्यंत याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज बसून लिहितोय.

सायकल मामाची. रॅले, ग्रां प्री मॉडेल, नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली. मामा काही वर्षं लेस्टरला होता. 1978 साली परत येताना त्याने ती सामानाबरोबर बोटीने आणली. खाली वळलेलं हँडल, गिअर, 27 इंची चाकं. मामानंतर ती माझ्याकडे आली.

दोन पावसाळ्यांपूर्वी पानशेत रस्त्यावर साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. पुढचं चाक आत गेलं आणि मी खांद्यावर पडलो. उठून सायकल उभी केली तर हँडल वळवताना पायाचा अंगठा चाकाला लागत होता. चिमटा दोन बोटं मागे गेला होता, पण तुटला नव्हता. लोखंडाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. ते वाकून सांगतं. मी सायकल ढकलत का होईना, रस्त्याच्या कडेने चालत परत आलो.

असं झालं तर चिमट्याकडे बघण्याआधी फ्रेम बघा. हँडलच्या मागे जिथे वरची आणि खालची नळी येऊन मिळते, तिथे दोन्ही नळ्यांच्या पोटाखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा हाताला उंचवटा लागला तर फ्रेमही गेली, नव्या चिमट्यावर पैसे घालू नका. माझ्या नळ्या गुळगुळीत लागल्या.

चिमटा सरळ करून देतो म्हणणारे तीन जण भेटले. त्यातल्या दोघांना तो तापवायचा होता. तापवू देऊ नका. या नळ्या पातळ असतात आणि चुकीच्या आचेने त्यांचा जीव जातो. थोडा बाक असेल तर जाणकार माणूस थंडच ओढून सरळ करतो. माझ्या चिमट्याच्या एका पायावर, क्राउनच्या, म्हणजे दोन्ही पाय वर जुळतात त्या सांध्याच्या जरा खाली, रंग फुटून आत घडी पडली होती. घडी पडलेली नळी पुन्हा भरवशाची होत नाही.

आता "कुठून". त्याच्याआधी "कसला" हे ठरतं आणि ते सांगणारा एकमेव कागद म्हणजे जुना वाकलेला चिमटा. तो भंगारवाल्याला देऊ नका. माझ्याकडूनही तो जवळजवळ गेलाच होता.

सगळ्यात आधी आटे. चिमट्याची जी नळी फ्रेमच्या मानेतून, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीतून वर जाते, तिच्या टोकाला आटे असतात आणि छर्ऱ्यांच्या वाटीचा नट त्यावर बसतो. नळी बाहेरून एक इंच, म्हणजे 25.4 मिमी. पण एका इंचात आटे किती, यावर सगळा खेळ. आज जगभर चालतात ते 24. त्या काळातल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेवर 26. जुन्या फ्रेंच सायकलींची तर नळीच 25 मिमी आणि आटे मेट्रिक. हे मला नंतर कळलं. आधी मी "स्टँडर्ड आहे, कुठल्याही जुन्या सायकलला बसतो" या शब्दावर तैवानचा एक क्रोमचा चिमटा मागवून मोकळा झालो होतो.

आमच्या पेठेत अण्णा म्हणून एक जुने सायकलवाले आहेत. त्यांच्या ओट्यावर तो चिमटा घेऊन बसलो आणि जुना नट फिरवायला घेतला. दोन फेरे अगदी लोण्यासारखे गेले, तिसऱ्याला घट्ट झाला. मी पाना उचलला तेवढ्यात अण्णांनी मनगट धरलं. "जोर नका लावू दादा. आटा खातोय तो." त्यांनी जुना चिमटा मागून घेतला, दोन्ही नळ्यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरले. सुरुवातीला दात दातात बसलेले दिसत होते, मग हळूहळू सरकत सरकत मध्येच दातावर दात चढले आणि फटीतून उजेड आला. मोजपट्टी न लावताच निकाल लागला. तुम्हीही एवढंच करा.

26 आट्यांचा चिमटा मी पुढे आठ महिने शोधला. लुधियानाला विचारलं, दिल्लीला झंडेवालानमध्ये मित्राला पाठवलं. आपल्याकडे मिळतो तो दूधवाल्या सायकलचा चिमटा. तो दणकट असतो, पण 28 इंची चाकाचा, उंच आणि पुढे बराच वाकलेला. त्या सायकलींची मान जास्त तिरकी असते, त्यांना तो शोभतो. गिअरच्या सायकलला लावला तर नाक वर होतं आणि चाल बिघडते. कार्बनचा सुचवणारेही भेटले. त्यात आट्यांची नळीच नसते, म्हणजे वाट्या, हँडल धरणारा दांडा म्हणजे स्टेम, सगळंच बदलायचं. मामाचा स्टेम मला काढायचा नव्हता.

शेवटी अण्णाच म्हणाले, "आटे जुळत नाहीत तर वाट्या बदला की." इतकं सोपं होतं. वाट्या, छर्रे, नट असा 24 आट्यांचा अख्खा संच आजही कुठेही मिळतो. फ्रेममध्ये वाटी बसते ते भोक 30.2 मिमीचं होतं आणि संचही त्याच मापाचा आला. मूळ भागच हवा हा माझा हट्ट मी तिथे सोडला आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. 26 चा मिळाला असता तरी पुढच्या वेळी त्याचा नट शोधत पुन्हा हेच झालं असतं. एक मात्र तपासा. क्राउनवर छर्ऱ्यांची खालची कडी बसते ती जागा कुठे 26.4 मिमी असते, कुठे 27. ही सहा दशांशाची तफावत ठोकून जिरत नाही. माझी 26.4 निघाली.

नळीची लांबी हाही एक मुद्दा. माझी फ्रेम उंच, जुनी नळी 205 मिमी भरली. नवी 212. लांब असेल तर कापता येते, आखूड असेल तर इलाज नाही. कापताना अण्णांनी आधी नट खालपर्यंत फिरवून ठेवला, मग करवतीने वरचे 7 मिमी कापले, कानशीने कड मारली आणि नट उलटा फिरवत बाहेर काढला. येता येता त्याने कापलेल्या आट्याचं तोंड साफ केलं. आणि "आटे लांब आहेत, वाट्टेल तिथे कापा" असा चिमटा घेऊ नका. आट्यांचा भाग नळीत सगळ्यात कमजोर असतो. स्टेमची पाचर त्याच्या खाली, सलग नळीत घट्ट व्हायला हवी.

पण सायकल आधीसारखी चालेल की नाही, हे आट्यांवर नाही, चिमट्याच्या बाकावर आहे. नळीच्या सरळ रेषेपासून चाकाचा आस किती पुढे आहे, ते माप. आणि वाकलेला चिमटा नेमकं हेच खोटं सांगतो! मी त्यावर पट्टी लावत बसलो होतो आणि उत्तर काही पटत नव्हतं.

मग मामाचा फोटो आठवला. वाड्याच्या दारात तो उभा, सायकल बरोबर आडवी, दोन्ही चाकं गोल दिसतायत. फोटो स्कॅन करून पडद्यावर पुढचं चाक 231 मिमी होईपर्यंत मोठा केला, कारण खरं चाक टायरसकट 694 मिमी, म्हणजे एक-तृतीयांश. मानेच्या नळीतून खाली दोरा ताणून पडद्यावर धरला आणि आसापर्यंत पट्टी लावली. वीस. म्हणजे बाक 60 मिमीच्या आसपास. त्या दोऱ्याच्या शेजारी मामाची पँटला लावलेली क्लिप दिसत होती. ती इतक्या वर्षांत मी कधी पाहिली नव्हती.

नव्या चिमट्याचा बाक 50, आणि उंचीला तो 10 मिमी कमी. दहा मिलिमीटरने मान जवळपास अर्धा अंश उभी होते, हँडल चपळ होतं. उलट बाक कमी असला की चाक जास्त सरळ राहू बघतं. दोन्ही एकमेकांना बरेचसे सांभाळून घेतात. मानेच्या नळीची रेषा खाली वाढवली तर जमिनीला टेकते तिथून टायरचा टेका जितका मागे, तो ट्रेल. हिशेबाने तो आधी 50 मिमीच्या आसपास होता, आता 54. वरसगावच्या उतारावर मला फरक जाणवतो, पण सायकल तीच वाटते.

चाकं मात्र बदलावी लागली. 27 इंची रिमचा व्यास 630 मिमी, आजच्या 700सी रिमचा 622. जुनं चाक नव्या चिमट्यात टायर घासेल इतकं वर जात होतं, शिवाय हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, 96 मिमीचा आणि चिमट्याच्या पायांतली जागा 100 ची. 27 चे टायर इथे शोधावे लागतात, 700सी कुठल्याही दुकानात. मागे रिम चार मिलिमीटर आत गेली. जुन्या वाइनमानच्या ब्रेकचे पाय लांब, रबर तेवढं खाली सरकवलं आणि काम झालं.

चिमटा कुठून, तर तैवानचा, ऑनलाइन, आणि पहिल्याच महिन्यात आलेला. उरलेलं वर्ष मापं कळण्यात गेलं. जुना चिमटा घरी खिळ्याला आहे, मापं त्याच्यावरच पांढऱ्या रंगाने लिहिलीत. 26 आट्यांच्या जुन्या वाट्या आणि दोन्ही नट तेल लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. तुमच्या पडून असलेल्या सायकलचा चिमटा शाबूत असेल आणि नटच गेला असेल, तर तो घेऊन या, आटे उजेडासमोर धरून बघू.