रिलीजची नियमावली आणि एक ‘उणे एक’

आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पाची रिलीज प्रक्रिया लिहून काढायचे ठरले, तेव्हा आवृत्ती क्रमांकांवरूनच वाद पेटेल असे मला वाटले होते. पण सिमँटिक व्हर्जनिंग (बदल किती मोठा हे आवृत्ती क्रमांकावरूनच कळण्याची पद्धत) सर्वांनी विनातक्रार स्वीकारले आणि चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, कोणी लिहायचा हेही चटकन ठरले. गाडे अडले ते मसुद्यातील एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यावर: ‘कोणत्याही मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विरोध नसल्यास रिलीज प्रसिद्ध करावे.’

व्यवहारात याचा अर्थ असा, की एकाने ‘उणे एक’ (म्हणजे विरोधी मत) म्हटले की सगळेच थांबणार. चर्चा चालू असतानाच आमचा रिलीज कँडिडेट, म्हणजे मतदानासाठी ठेवलेली संभाव्य अंतिम आवृत्ती, तयार होता, मोठी फाइल उघडताना प्रोग्राम बंद पडण्याच्या बगवरील उपाय त्यात होता आणि वापरकर्ते त्याची वाट पाहत होते. पहिले उणे मत आले ते ‘हेल्प’च्या मजकुरात एका पर्यायाचे वर्णन जुने राहिले म्हणून, ते मागील आवृत्तीतही तसेच होते. दुरुस्ती करून नवा कँडिडेट काढला, मतदानाची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि ती संपत आली असताना त्याच सहकाऱ्याने जुन्या कंपायलरवर (कोडचे प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनावर) दिसणाऱ्या एका वॉर्निंगवर बोट ठेवले. त्याने निदान कँडिडेट बिल्ड तरी केला होता, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवून पाहिला होता. ‘अधिक एक’ (अनुकूल मत) लिहून मोकळे झालेल्या कित्येकांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते, आणि माझा खरा संताप त्यांच्यावर होता.

त्यामुळे मतासोबत काय तपासले ते लिहिण्याचे बंधन आधी घालावे: डिजिटल सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) जुळले का, सोर्समधून बिल्ड झाले का, टेस्ट कोणत्या मशीनवर चालवल्या.

नकाराधिकाराचा तिढा सुटायला अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा नियम उपयोगी पडला. तेथे कोडमधील बदलावर तांत्रिक कारण देऊन नकाराधिकार वापरता येतो, रिलीजवर मात्र नाही. प्रकल्प समितीच्या सदस्यांची किमान ३ अनुकूल मते आणि प्रतिकूल मतांपेक्षा अनुकूल मते जास्त असणे पुरेसे असते, आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात. गंभीर दोष आढळल्यास कँडिडेट मागे घेण्याचा निर्णय बहुधा रिलीज मॅनेजरच घेतो. आम्ही हे जवळजवळ जसेच्या तसे उचलले आणि ‘ब्लॉकर’ची व्याख्याही लिहून टाकली: आधी चालणारे काही मोडणे, डेटा नष्ट होणे, सुरक्षेतील त्रुटी किंवा परवान्याची अडचण. बाकी सर्व पुढच्या आवृत्तीत.

‘पुढची आवृत्ती म्हणजे कधी?’ असे त्या सहकाऱ्याने विचारले, तेव्हा कुठे त्याच्या हट्टाचे मूळ मला दिसले. आमचे वेळापत्रकच नव्हते. आता राहिलेला पॅच (दुरुस्तीचा कोड) वर्षभर पडून राहील, ही त्याची भीती रास्त होती. उबंटूची आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, लिनक्स कर्नलची दर ९-१० आठवड्यांनी. तेथे मुदत हुकली तरी पुढची संधी कधी येणार हे माहीत असते. आम्ही सहामाही तारखा जाहीर केल्या आणि त्याने आपले उणे मत स्वतःहून मागे घेतले. माझा सल्ला विचाराल तर वेळापत्रक आधी ठरवा, मतदानाचे नियम नंतर.

एक सांगायचे राहिलेच: फसलेल्या कँडिडेटचा टॅग (कोडच्या त्या स्थितीला दिलेले नाव) पुसून तेच नाव पुन्हा वापरू नये, पुढचा क्रमांक घ्यावा, नाहीतर कोणी कोणत्या कोडवर मत दिले हेच कळेनासे होते. आणि सही करण्याचा अधिकार असलेली किमान दोन माणसे ठेवावीत.