वडिलांना घरभाडं देताय? आधी घराचा उतारा काढून बघा

जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीने करबचतीचे पुरावे मागितले, की जळगाव-धुळ्याकडची घरीच राहणारी नोकरदार पोरं "पप्पांच्या नावाची भाडेपावती लावून टाक" असा सल्ला एकमेकांना देतात. आईवडिलांना, काका-मामांना खरंच भाडं देत असाल तर एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) करसूट कायद्याने मिळते. पण पावती फाडण्याआधी हिशोब मांडा.

ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नवीन प्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागतच नाही. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तरुण नोकरदारांना या पावतीची गरजच नाही.

त्यावरच्या पगाराचं बघू. समजा, वर्षाचा पगार 14 लाख, त्यात मूळ पगार 7 लाख आणि एचआरए 2 लाख 80 हजार. वडिलांना महिना 14,000, म्हणजे वर्षाला 1,68,000 भाडं. सूट तीन आकड्यांतल्या सगळ्यात लहान आकड्याइतकी: मिळालेला एचआरए, मूळ पगाराचे 40 टक्के (जळगाव, धुळे, नंदुरबारला हाच दर), किंवा भाड्यातून मूळ पगाराचे 10 टक्के वजा जाता उरलेली रक्कम. महागाई भत्ता निवृत्तिवेतनासाठी धरला जात असेल तर तो मूळ पगारातच मिळवायचा. इथे 1,68,000 वजा 70,000, म्हणजे 98,000.

या पगारावर जुनी प्रणाली परवडायला एकूण वजावट 5,68,750 च्या वर जावी लागते. प्रमाणित वजावट 50,000, कलम 80सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे) दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) 50,000, आरोग्यविम्याचे 25,000, पुण्यातल्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज 2 लाख आणि हे 98,000 धरले तर होतात 5,73,000. कर वाचतो 884 रुपये. गृहकर्ज नसेल तर जुन्या प्रणालीकडे वळूच नका.

तरीही आकडा जमत असेल, तर खरी अडचण घराच्या कागदात असते. आपल्याकडे आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी गावातल्या घराचा नमुना 8 (ग्रामपंचायतीचा उतारा) किंवा शहरातली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) त्यांच्याच नावावर असते. मग पावती देणारे वडील कागदावर मालकच नसतात आणि काका-आत्यांचा हिस्साही त्यात असतो. आधी वारस नोंद करून घ्या. वडील वारले असतील आणि वारस म्हणून आईसोबत तुमचंही नाव लागलं असेल, तर त्या घरात तुमचाही हिस्सा आहे. स्वतःच्या मालकीच्या घराचं भाडं दाखवून ही सूट मिळत नाही, म्हणून असा दावा करूच नका.

भाडं दरमहा बँकेतूनच पाठवा आणि साधा का होईना, करारनामा करा. 2017 मध्ये मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने आईला रोखीने भाडं दिल्याचा एक दावा पुराव्याअभावी फेटाळला होता. रोख दिलंच, तर 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. पॅन दिला की ते भाडं वडिलांचं उत्पन्न म्हणून आयकर विभागाला दिसतं, आणि विवरणपत्रात ते आलं नाही तर नोटीस येऊ शकते ती त्यांना.

त्यांना घाबरायचं कारण मात्र नसतं. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के आणखी वजा होतात. वरच्या उदाहरणात घरपट्टी न धरताही 1,17,600 च उरतात. रावेर-यावलकडे वडिलांचं उत्पन्न फक्त केळीचं असेल तर ते शेतीचं म्हणून करमुक्तच आहे, आणि एवढ्या भाड्यावर कर बसत नाही. पेन्शन असेल तर भाडं तिच्यात मिळवून बघा.

पगारात एचआरएच नसेल तर भाड्याच्या वजावटीसाठी जुन्या प्रणालीतच कलम 80जीजी आहे, पण त्यात महिन्याला जास्तीत जास्त 5,000 रुपयांची वजावट मिळते आणि विवरणपत्राआधी फॉर्म 10बीए ऑनलाइन भरावा लागतो.