रेप्लिकेशन लॅगचा आकडा खरा आहे का, हे तपासायचं कसं

मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये सोर्स म्हणजे मूळ सर्व्हर, रेप्लिका म्हणजे त्याचे बदल उतरवून घेणारी प्रत आणि लॅग म्हणजे ती प्रत किती मागे आहे ते. रेप्लिकावर सेकंड्स_बिहाइंड_सोर्स (लॅगचा आकडा) शून्य दिसतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. हा आकडा एसक्यूएल थ्रेड, म्हणजे आलेले बदल रेप्लिकावर लागू करणारा भाग, किती मागे आहे तेवढंच मोजतो. इव्हेंट (बदलांच्या नोंदी) रेप्लिकापर्यंत पोचलेच नाहीत, तर हाताशी होतं ते संपवून तो थ्रेड रिकामा बसतो आणि आकडा शून्यावर येतो. म्हणून जोडीला हार्टबीट हवाच: सोर्सवर दर सेकंदाला एका ओळीत वेळ लिहायची आणि रेप्लिकावर ती आत्ताच्या वेळेतून वजा करायची. पर्कोनाचं पीटी-हार्टबीट हे टूल हेच करतं. दोन्ही मशीनची घड्याळं क्रोनीने (वेळ जुळवणारा प्रोग्राम) जुळवा. घड्याळात दोन सेकंदांचा फरक असला तर लॅगही तेवढाच चुकतो.

आता स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) मुद्दाम लॅग तयार करा. एसक्यूएल थ्रेड थांबवून सोर्स_डिले (बदल मुद्दाम उशिरा लागू करण्याची सेटिंग) १२० सेकंद ठेवा आणि थ्रेड पुन्हा सुरू करा. हार्टबीटचा आलेख चढत जाऊन १२० च्या आसपास सपाट व्हायला हवा. तसा झाला नाही, तर टाइमझोन आधी बघा. सगळीकडे यूटीसी वापरलेलं बरं.

खरी कसोटी नेटवर्कची. डिले परत शून्य करा, लॅग उतरू द्या आणि मग रेप्लिकावर आयपीटेबल्सने (लिनक्सचा फायरवॉल) सोर्सच्या ३३०६ पोर्टवरून येणारी पॅकेट्स ड्रॉप करा, म्हणजे उत्तर न देता टाकून द्या. रिजेक्ट (नकार कळवून अडवणं) नको, त्याने कनेक्शन तुटू शकतं आणि चाचणी फसू शकते. रेप्लिका_नेट_टाइमआउट, म्हणजे सोर्सकडून काहीच आलं नाही तर कनेक्शन तुटलं असं मानण्याआधी थांबायची वेळ, मुळात ६० सेकंद असतो. तोवर आयओ थ्रेड (सोर्सकडून इव्हेंट आणणारा भाग) ‘यस’, म्हणजे चालू, आणि सेकंड्स_बिहाइंड_सोर्स शून्य दिसत राहतो, हार्टबीट मात्र सेकंदागणिक वाढतो. टाइमआउटनंतर शून्याच्या जागी नल (किंमतच नाही) येतो. नल हा आकडा नव्हे, त्यामुळे या आकड्यावर लावलेला, समजा, ‘६० पेक्षा जास्त’ हा अलर्ट तेव्हाही वाजत नाही; त्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागतो. पॅकेट्स अडवल्यापासून फोनवर अलर्ट येईपर्यंतचा वेळ मोजा. स्क्रेप इंटरव्हल (मॉनिटरिंग किती वेळाने आकडे गोळा करतं ते) आणि वाजण्याआधी अलर्टची थांबण्याची मुदत त्यातच धरली जाते.

एसक्यूएल थ्रेड नुसता थांबवला तरी नलच येतो, तेही एकदा करून बघा.

शेवटी हार्टबीट लिहिणारी प्रोसेसच मारा. सगळ्या रेप्लिका एकदम मागे पडल्यासारख्या दिसतील, म्हणून सोर्सवरच्या ओळीचं वयही वेगळं मोजा. फेलओव्हरनंतर (सोर्सची जागा दुसऱ्या सर्व्हरने घेतल्यावर) नव्या सोर्सच्या सर्व्हर_आयडीची (सर्व्हरच्या ओळख क्रमांकाची) हार्टबीट-ओळ वाचली जाते ना, हेही बघा. जुनीच वाचली गेली तर लॅग वाढतच राहतो.