एका वहीत ११२ अंदाज : माझा अनुभव

सुरुवात भांडणातून झाली. भांडण म्हणजे नेहमीचंच, दादाशी. त्याने नीट चाललेली नोकरी सोडून मित्राबरोबर धंदा काढला होता, तो दीड वर्षात गुंडाळावा लागला, आणि एका रात्री फोनवर मी त्याला चांगलं ठसक्यात ऐकवलं की मी तेव्हाच सांगत होते तुला, हे काही चालायचं नाही. तो काहीच बोलला नाही. दहा मिनिटांनी एक स्क्रीनशॉट आला. माझाच मेसेज, दीड वर्षापूर्वीचा. "बिनधास्त सोड रे नोकरी, तुला जमणार, मला तर शंकाच नाही." पुढे तीन अंगठे.

आता गंमत अशी की मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच आठवत होतं की मला तेव्हा काळजी वाटत होती, मी खिडकीपाशी उभी राहून त्याला समजावतेय वगैरे अख्खं चित्र डोळ्यासमोर होतं. ते चित्र माझ्या डोक्याने नंतर कधीतरी रंगवून ठेवलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं.

मग थोडं वाचायला लागले. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि रशिया दौऱ्याच्या आधी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक गोष्ट घडेल याची शक्यता किती, तमुक घडेल याची किती, आणि दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना म्हटलं की तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून सांगा. ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं त्यांना आपण आधी दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आकडा दिला होता असं बहुतेकांना आठवलं. म्हणजे माझंच. आपल्याकडे पश्चातबुद्धी म्हणतात त्याला, पण त्या शब्दात निदान "पश्चात" तरी आहे, मला तर ती बुद्धी आधीपासूनच होती असं वाटत होतं!

तेव्हा ठरवलं की आठवणीवर भरवसा बंद, वर्षभर लिहून ठेवायचं. साधी वही. प्रत्येक नोंदीत तारीख, काय ठरवलं किंवा काय होईल असं वाटतं, का वाटतं, किती टक्के खात्री, आणि ते कधी तपासायचं. एकच नियम कडक, लिहिलेलं खोडायचं नाही.

पहिले दोन आठवडे वाया गेले कारण मी लिहीत होते ते तपासताच येण्यासारखं नव्हतं. "टीम बदलून घेतली तर बरं वाटेल, ९० टक्के." बरं वाटेल म्हणजे काय, कुणाला, कधी? असं वाक्य चुकूच शकत नाही, आणि मला वाटतं आपण बोलताना मुद्दाम अशीच वाक्यं वापरतो, नंतर अंगाशी येत नाहीत. मग सवय लावली की नोंद अशी हवी की तिसऱ्या माणसाला दाखवली तरी त्याला हो किंवा नाही एवढं सांगता आलं पाहिजे. हे वाटतं तेवढं सोपं नाहीये, अजूनही चारातली एक नोंद ढिसाळ होते.

चार महिन्यांनी पहिला हिशोब केला. त्यासाठी ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानवाल्याने १९५० मध्ये मांडलेली पद्धत वापरली, पावसाचे अंदाज तपासायला काढली होती त्याने. पद्धत एकदम सोपी आहे, तुम्ही ९० टक्के म्हणालात म्हणजे ०.९, गोष्ट घडली तर १ धरायचा, नाही घडली तर ०, दोन्हीतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. जितकी कमी तितकं चांगलं. ९० म्हणून बरोबर आलात तर दंड ०.०१, चुकलात तर थेट ०.८१. ठाम बोलून चुकणाऱ्याला ही पद्धत सोडत नाही, म्हणून मला आवडली, म्हणजे हिशोब करेपर्यंत आवडत होती.

माझ्या तपासून झालेल्या ४० नोंदी होत्या आणि चाळीसच्या चाळीस ठिकाणी मी ९० टक्केच लिहिलं होतं. मला ९० म्हणजे "हो, वाटतंय खरं" एवढाच अर्थ माहीत होता. त्यातल्या २६ बरोबर, १४ चूक. स्कोअर ०.२९. आता हे बघा, माणसाने काहीच विचार न करता प्रत्येक वेळी फिफ्टी-फिफ्टी लिहिलं तर स्कोअर ०.२५ येतो. म्हणजे मी एवढी कारणं बिरणं लिहून जे केलं त्यापेक्षा "काय माहीत बुवा" असं चाळीस वेळा लिहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी वही कपाटात टाकली, आठवडाभर काढली नाही.

काढली तेव्हा आधी त्या १४ चुका एका बैठकीत वाचल्या. एक तशीच उतरवते: "१४ मार्च. रिपोर्ट २६ तारखेपर्यंत देईन. ९० टक्के. कारण, डेटा सगळा हातात आहे, फक्त लिहायचं आहे." रिपोर्ट गेला ११ एप्रिलला. पुढची चूक, "फक्त त्यांचा होकार यायचा आहे." त्याच्या पुढची, "फक्त एक फॉर्म." १४ पैकी ९ नोंदींमध्ये हा "फक्त" शब्द होता, मी लाल पेनाने गोल केले, आणि खरं सांगते, एवढ्या पुस्तकी माहितीने जे झालं नव्हतं ते त्या नऊ लाल गोलांनी झालं. घोडं पेंड कुठे खातंय ते स्वतःच्याच अक्षरात दिसलं.

यावरचा एक किस्सा मला फार दिलासा देतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन, ज्याने एमॉस ट्वर्स्कीबरोबर १९७४ मध्ये माणसाच्या ठोकताळ्यांवरचा तो गाजलेला लेख लिहिला आणि २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल घेतलं, तोच माणूस इस्रायलमध्ये एका टीमबरोबर निर्णयशास्त्राचा शालेय अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक करत होता. विषय बघा, निर्णयशास्त्र. सगळ्यांनी आपापला अंदाज लिहिला, साधारण दोन वर्षं. मग टीममधल्याच अनुभवी माणसाला विचारलं की अशा बाकीच्या टीमना किती लागली होती, तर तो म्हणाला सात ते दहा वर्षं, आणि ४० टक्के टीमचं काम पूर्णच झालं नाही. म्हणजे स्वतः अंदाज देताना ही माहिती त्याच्या डोक्यात होती आणि तरी त्यानेही दोनच्या आसपासच लिहिलं होतं! काखेत कळसा म्हणतात तो हाच. पुस्तकाला आठ वर्षं लागली. तर माझ्या रिपोर्टचं काय घेऊन बसलात.

पण उपाय यातूनच मिळाला. आता नवीन रिपोर्ट आला की "यात काय काय करायचंय" हा विचार मी आधी करतच नाही, जुन्या मेल उघडते आणि मागच्या सहा रिपोर्टना किती दिवस लागले ते बघते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा एकही २० दिवसांच्या आत नव्हता. एकही नाही, आणि मी दर वेळी १२ सांगत होते. पुढच्याला २५ दिवस लिहिले, २७ लागले. साहेबांना २५ ऐकून जरा धक्का बसला, पण चालतंय.

दुसरी गोष्ट मीटिंगमधली. कुणीतरी सहज म्हणतं "दोनेक आठवडे लागतील ना?" आणि मग सगळे पंधरा दिवस, अठरा दिवस, फार तर तीन आठवडे असं त्या दोनाच्या अवतीभवती फिरत बसतात, मीही. पहिला आकडा डोक्यात खुंटीसारखा रुततो. जर्मन संशोधकांचा १९९७ साली छापलेला एक प्रयोग आहे, काही लोकांना विचारलं गांधीजी वारले तेव्हा त्यांचं वय ९ पेक्षा जास्त होतं की कमी, दुसऱ्यांना विचारलं १४० पेक्षा जास्त की कमी, आणि मग नेमकं वय किती ते सांगा. दोन्ही आकडे कुणाच्याही डोळ्यांना वेडेपणाचे दिसतील, तरी पहिल्या गटाचं सरासरी उत्तर ५० आलं आणि दुसऱ्याचं ६७. खरं वय ७८. हे वाचल्यावर मी आमच्याकडे चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली, तोंड उघडायच्या आधी प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून उपडी ठेवायची. पहिल्या वेळी एकाच कामासाठी चिठ्ठ्या निघाल्या ८ दिवस आणि ४० दिवस. चाळीसवाली मुलगी एरवी मीटिंगमध्ये गप्प असते, आणि तिला एक अडचण माहीत होती जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

लागलेला खर्च वसूल करायच्या हट्टाबद्दल थोडक्यात सांगते. एक ऑनलाइन कोर्स मी अर्धा झाल्यावरही ओढत होते, कंटाळा येत होता, उपयोग शून्य, पण ४० तास घातलेत ना आता. आर्कीज आणि ब्लूमर यांच्या १९८५ च्या अभ्यासात नाटकांची सीझन तिकिटं पूर्ण भावाने घेतलेले लोक सवलतीत मिळालेल्यांपेक्षा पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले, नाटकं तीच. मी वहीत प्रश्न लिहिला, "हा कोर्स आज कुणी मला याच जागेपासून पुढे फुकट दिला तर करेन का?" उत्तर नाही आलं. सोडला. दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, बस.

मधले दोनतीन महिने मात्र मी असह्य झाले होते, हे कबूल करायला हवं. कुणी काही बोललं की मी लगेच लेबल लावायची, हा तुझा अमुक बायस, म्हणजे विचारातला दोष, तो तुझा तमुक बायस. मैत्रिणीने एकदा शांतपणे विचारलं, आणि तुझा कुठला? मला खरंच पटकन सुचलं नाही. वही पर्समध्ये होती, १४ लाल-निळ्या चुकांसकट, तरी सुचलं नाही. एमिली प्रोनिन वगैरेंनी २००२ मध्ये हेच दाखवलंय, लोकांना हे सगळे दोष इतरांमध्ये जास्त दिसतात आणि स्वतःत कमी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

खरा फरक पडला तो सातव्या महिन्यात एक जास्तीचा रकाना घातल्यावर, "हे चुकेल तर का चुकेल". कल्पना माझी नाही, १९८० च्या एका अभ्यासात दिसलं होतं की स्वतःच्या उत्तराच्या विरोधातलं कारण लिहायला लावलं की लोकांची फाजील खात्री कमी होते. बाजूची कारणं लिहून काही होत नाही, ती आपल्याकडे पोत्याने असतात. विरोधातलं एक लिहायलाच मला सुरुवातीला दहा दहा मिनिटं लागायची, पेन हातात घेऊन नुसती बसायची मी. पण एकदा लिहिलं की ९० चे आपोआप ७० व्हायचे, ६० व्हायचे. आणि ९० उरले ते जरा वजनाचे उरले, दुसऱ्या सहामाहीत २२ वेळा ९० लिहिलं आणि १९ वेळा बरोबर आलं.

सगळं असं मोजूनमापून करत नाही हं मी. रस्ता ओलांडताना, कुणाच्या चेहऱ्यावरून तो वैतागलाय हे ओळखताना ठोकताळेच कामाला येतात आणि झकास येतात, तिथे वही काढून बसले तर गाडीखालीच जायची. जिथे उत्तर लगेच कळतं आणि हजार वेळा कळलेलं असतं तिथे मी डोक्याला मोकळं सोडते. जिथे वर्षाने कळणार, तिथे वही.

दादा मध्ये आठ दिवस राहायला आला होता. मी बाहेर गेलेली असताना त्याने वही वाचली आणि न तपासलेल्या ३१ नोंदींपुढे पेन्सिलने आपले टक्के टाकून ठेवले, काही विचारणं नाही की सांगणं नाही. वर्षअखेरीला एकूण ११२ नोंदींचा हिशोब केला तेव्हा त्या ३१ चा वेगळा काढला. एक सोडून सगळ्या निकाली निघाल्या होत्या. माझा स्कोअर ०.२१, त्याचा ०.१६. त्याने यातला एकही अभ्यास वाचलेला नाही. विचारलं कसं काय, तर म्हणाला, "अगं, धंदा बुडाल्यावर मी कशालाच साठच्या वर जात नाही."

उरलेली एक नोंद त्याच्याबद्दलच होती. "दादा पुढचं वर्षभर नवीन धंद्याच्या फंदात पडणार नाही." माझे ८५, आणि शेजारी त्याच्या पेन्सिलचे २०. तपासायची तारीख अजून लांब आहे पण गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, नवीन धंद्याला नाव सुचव ना एखादं, आणि जमेल का गं मला? मी "बिनधास्त" एवढं टाइप केलं, मग पुसलं. दोन नावं पाठवली, वहीत नवी नोंद केली, "दोन वर्षांनी धंदा चालू असेल, ५५ टक्के", चुकेल तर का चुकेल तेही लिहिलं, आणि पानाचा फोटो काढून त्याला पाठवला, म्हणजे पुढच्या भांडणाला स्क्रीनशॉट शोधायला नको.