ओल्या गिलाव्याचा प्रकल्प

नववीत इतिहासाच्या बाईंनी प्रकल्पांचे विषय वाटले आणि आमच्या गटाच्या वाट्याला 'प्रबोधनकालीन कला' आली. शेजारच्या गटाला शिवकालीन किल्ले मिळाले होते. किल्ल्यांबद्दल घरोघरी कोणी ना कोणी काही सांगू शकतं. इटलीतल्या फ्लॉरेन्सबद्दल आमच्या गावात विचारायचं कोणाला?

ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे खंड होते. ते घरी मिळत नसत, म्हणून मधल्या सुट्टीत बसून उतरवून घ्यायचो. लिओनार्दो थोर, मायकेलअँजेलो महान, राफाएल अलौकिक, अशी चार पानं भरली. चित्रकलेच्या सरांनी ती चाळली आणि एवढंच विचारलं, "भिंतीला गिलावा कसला होता?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे वडील गवंडी ना? त्यांना विचार." जे. जे.मध्ये शिकत असताना घेतलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री आबांना त्यातलं जमेल तसं सांगू लागलो. आबांनी माझ्या आजोबांच्या हाताखाली चुन्याची घाणी चालवली होती, त्यामुळे फ्रेस्को म्हणजे काय हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यातच अडकून बसतो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. इटालियन चित्रकार त्या तुकड्याला 'जोर्नाता', म्हणजे दिवसाचं काम, म्हणत. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगवलेला आदम अशा चार दिवसांचा आहे.

त्या छतासाठी (१५०८ ते १५१२) परांची बांधायची होती. ब्रामान्ते या वास्तुविशारदाने छताला भोकं पाडून दोरांवर ती टांगायचं ठरवलं. मी एवढं वाचलं तोच आबा म्हणाले, "आणि भोकं बुजवायची कुणी?" पुढच्याच ओळीत मायकेलअँजेलोने हाच सवाल केला होता. ब्रामान्तेकडे धड उत्तर नव्हतं, म्हणून मायकेलअँजेलोने परांची स्वतःच्या पद्धतीने उभारली आणि उभ्यानेच, मान मागे टाकून, छत रंगवलं. तो आडवा पडून रंगवत असे ही समजूत अजून ऐकू येते. सुरुवातीलाच रंगवलेल्या भागावर बुरशी धरली, हे सांगितल्यावर आबांनी निदान केलं: "पाणी जास्त झालं." पुस्तकाचंही तेच म्हणणं होतं.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. सुमारे ४५ मीटरचा पल्ला आणि खालून सेंट्रिंगचा, म्हणजे लाकडी आधाराचा, पत्ता नाही! ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो वर चढवला. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा घातल्या होत्या, त्यामुळे ओला थर आतल्या बाजूला घसरत नसे. ते चित्र आबांनी कंदिलाजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हा माणूस गवंड्याच्या पोटचा असणार." तो नोटरीचा मुलगा होता, सोनारकाम शिकलेला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

'शेवटचं भोजन' हे चित्र सरांनी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितलं. लिओनार्दोला सावकाश काम करायचं होतं, केलेलं पुन्हा बदलायचं होतं. ओला गिलावा तेवढं थांबत नाही. म्हणून त्याने मिलानच्या मठातली ती भिंत कोरडीच रंगवली. चित्र १४९८च्या सुमारास पुरं झालं आणि काही वर्षांतच पोपडे धरू लागले. १६५२मध्ये तिथल्या साधूंनी त्याच भिंतीत दार फोडलं, त्यात येशूचे पाय गेले. आमची सहल अजिंठ्याला जाऊन आली होती. तिथलीही चित्रं कोरड्यावरचीच आहेत, खाली भुसा मिसळलेला मातीचा गिलावा आहे, हे सरांनी तेव्हा सांगितलं. मला अजिंठ्याचे कारागीर लिओनार्दोपेक्षा धोरणी वाटले, आणि अजूनही वाटतात.

प्रदर्शनाच्या आधी आबा स्वतः चुना घेऊन शाळेत आले. चित्रकलेच्या वर्गामागच्या भिंतीवर त्यांनी एक चौकोन आधीच करून सुकवला होता. दुसरा आमच्यासमोर केला. दोन्हींवर आम्ही गेरू आणि पिवडी दिली. काही दिवसांनी ओलं फडकं फिरवलं, तर कोरड्या चौकोनाचा रंग फडक्यावर आला आणि ओल्याचा भिंतीवरच राहिला. मुख्याध्यापकांनी खुर्ची मागवली. सरांनी तीवर आबांना बसवलं आणि आठवीच्या दोन्ही तुकड्यांना चुना कसा विरवतात ते त्यांच्याच तोंडून ऐकवलं. पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करताना मला तेवढं नेमकं कोणी शिकवलं नाही.

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने नवी इमारत उभी राहते आहे. तिच्यातल्या चित्रकलेच्या वर्गाची एक भिंत ऑइलपेंट न मारता मोकळी ठेवावी, अशी शाळा समितीला विनंती आहे. चुना, वाळू आणि गवंडी आमच्या तुकडीकडून. चुना मात्र आत्ताच भिजत घालायला हवा; स्लॅब पडेपर्यंत तो नीट मुरेल.